दारावर नोटीस, वर शाकारणी : जप्तीच्या सावटातलं घर सांभाळलंय का कुणी?

सुरंगी
काल फडताळ आवरताना तळाला घातलेला जुना पेपर निघाला. अर्धं पान ताबा नोटिसांचं. कर्जदार, जामीनदार, थकीत रक्कम, खाली चतुःसीमा. 'पूर्वेस पाणंद, दक्षिणेस वहाळ.' नावं अनोळखी, पण पाणंद वाचली आणि आमचं गुहागरकडचं घर समोर उभं राहिलं. गवार निवडायची राहिलीच.

२०१४ चं सांगते. दादाच्या काजू कारखान्यासाठी बाबांनी घर तारण दिलेलं. कच्ची बी महाग पडली, माल पडून राहिला, हप्ते थकले. एप्रिलअखेर साहेब आणि शिपाई नोटीस लावायला आले. दरवाजा फणसाचा, आईने चार दिवसांपूर्वीच तेल चोळलेलं. चिकटपट्टी बसेना. तीनदा कागद खाली. शिपाई खिळा शोधायला लागला तशी आई आत गेली आणि वाटीत शितं घेऊन आली. "यानं लावा. दाराला खिळा नको."

आणि मे महिन्यात तिने शाकारणी काढली, पावसाआधी कौलं नीट बसवून घ्यायची. बाबा म्हणाले, जप्तीतल्या घरावर कशाला पैसे घालतेस? तर म्हणे, "पाऊस काय बँकेला विचारून येतो?" एक गडी वर आणि खालून कौलं देणारी ती. चुलतकाका पडवीत बसून हसत होते.

असं कुणी केलंय का? लिहा.

चहाबाज
शितं!!! 🙏 बाकी काही लिहायचं सुचत नाहीये.

गोदाकाठ
आई गं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या यवतमाळकडे घरावर कोणी येत नाही, सातबारावर येते. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आबा दर महिन्याला तलाठ्याकडून उतारा आणत अन् बोजा उतरला का पाहत, जसा काही आपोआपच उतरणार होता. २०१९ च्या सरकारी फुले कर्जमुक्ती योजनेत नाव आलं, २ लाखांच्या आतलंच होतं. मग आधार प्रमाणीकरण. आबाचा अंगठा काही केल्या मशीन घेईना, सारी उमर कापूस वेचून बोटं गुळगुळीत झालेली. केंद्रावरचा पोरगा म्हणे काका, हाताला तेल लावत जा. आबा म्हणाले, तेल भाजीला पुरत नाही बाबू.
झालं शेवटी. चौथ्या खेपेला.

माळवद
धाराशिवकडचं धाब्याचं घर आमचं. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकावी लागते, नाहीतर पहिल्या पावसात ताटं-पातेली मांडून बसायचं. पतसंस्थेचं कर्ज होतं, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, वसुली अधिकारी जीप घेऊन आला तेव्हा वडील वर माती पसरत होते. खाली उतरलेच नाहीत. "तुम्ही लिहा काय लिहायचं ते, मला अजून दोन गाड्या टाकायच्यात." त्या माणसाने ओसरीवर बसून पंचनामा लिहिला, सही घ्यायला शिडी चढून वर गेला. वडिलांच्या मातीच्या अंगठ्याचा ठसा आहे त्या कागदावर. सही येत होती त्यांना.
घर गेलं. ज्याने घेतलं त्याने वर पत्रे टाकले. उन्हाळ्यात भाजतं म्हणे आत. बरं झालं.

चहाबाज
@माळवद 'बरं झालं' 😄 मनापासून आलंय

नाना_निवृत्त
मी त्या बाजूचा माणूस. बँकेत वसुलीला ११ वर्षं काढली, अशा नोटिसा स्वतः चिकटवल्यात. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी ऐका. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं. मग सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची मागणी नोटीस. लोक इथेच चुकतात, पोस्टमनला परत पाठवतात. अहो, घ्या ती! लेखी हरकत द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. दारावर कागद लागतो तो बहुधा सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री ताबा, त्याच दिवशी कोणी बाहेर काढत नाही. तिथून ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमीन या कायद्यात बसत नाही, गावठाणातलं घर मात्र बसतं. सगळ्यात महत्त्वाचं, एकरकमी तडजोडीचं स्वतःहून विचारा. आम्ही दारात उभे असतो तेव्हा आमच्याही पोटात गोळा असतो. हे कोणाला पटत नाही, माहीत आहे.

वऱ्हाडी_ठेचा
नाही पटत काका 🙂 पण माहिती कामाची हाये.

दूरदेशी
नानाकाका, जामीनदाराच्या घरावरही येतात का? मामाने कुणासाठी तरी सही केलीय आणि आता फोन उचलत नाही.

नाना_निवृत्त
घर तारण दिलं असेल तर हो. नुसती सही असेल तर रस्ता वेगळा, पण सुटका नाही. मामांना म्हणावं फोन उचला.

शेवग्याची_शेंग
विषय थोडा वेगळा. आमचं श्रीवर्धनचं घर बँकेपासून वाचलं आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने कौलं उडवली. पोफळी काड्यांसारख्या आडव्या. शेवटचा हप्ता मार्चमध्ये भरला होता. सासरे पावती खिशात घालून भिजत उभे होते अंगणात.

कोथरूडकर_नाइलाजाने
मंगलोरी कौलं हल्ली मिळतात का कुठे? आमच्याकडे वानरांनी निम्मी फोडलीत.

शेवग्याची_शेंग
जुनी घरं पाडतात तिथून घ्या. नवीन बसत नाहीत जुन्या रिपांवर.

काजळमाया
वानरांचं नाव काढू नका. काल फ्रिज उघडून दही खाल्लं.

कोथरूडकर_नाइलाजाने
दही??

काजळमाया
कवडी दही. विरजण सुद्धा ठेवलं नाही.

माळवद
सुरंगीताई, तुमच्या घराचं पुढे काय झालं? तेवढं सांगा, मग वानरं.

सुरंगी
आत्ता जेवणं उरकली. नानाकाका म्हणतात ते खरं, शेतजमिनीला हात लावता येत नाही. आमचं नारळी-पोफळीचं आगर बँकेला घेता आलं नसतं. ते आम्हीच विकलं. घर सोडवायला. आजोबांनी लावलेले माड, त्यातले दोन तर माझ्या बारशाचे. तडजोडीची रक्कम भरली, ना हरकत दाखला मिळाला, दादा दोन वर्षं आईशी मान वर करून बोलला नाही.

दाखला आला त्या संध्याकाळी आईने ओलं फडकं घेतलं आणि नोटीस भिजवून हलकेच सोडवली. शितांनी लावलेली म्हणून दारावर ओरखडा नाही. मग कागद वाळवला आणि फडताळात पसरला, वर लोणच्याच्या बरण्या.

काल निघाला तो पेपर वेगळा. पण त्याच्या खाली हाही होता. बरणीचा गोल तेलकट डाग बरोबर बाबांच्या नावावर.

नाना_निवृत्त
आईंना माझा नमस्कार सांगा.

सुरंगी
सांगते. ती विचारेल, जेवले का ते.

गोदाकाठ
आले परत. कुकरची डाळ लागली सगळं वाचता वाचता. माझं उद्या लिहिते.

काजळमाया
गोदाताई, डाळ बाहेर ठेवू नका, आमच्याकडची येतील.