बौरॉन घ्यायचाय, दुकानात जाऊन नक्की काय बघू?

लिफीकाठचा:
नमस्कार मंडळी, डब्लिनमध्ये चार वर्षं झाली, डिसेंबरात कायमचा नाशिकला परत चाललोय. लहानपणी तबला शिकलोय, आणि इथे स्मिथफील्डच्या कॉबलस्टोन पबमधली आयरिश संगीताची सेशन्स ऐकून ऐकून बौरॉनचं, म्हणजे काठीने वाजवायच्या आयरिश डफाचं, वेड लागलंय (स्पेलिंगमध्ये डीएच आहे पण उच्चारात नाही). जाताना एक घेऊन जायचाच आहे. बजेट 200 युरो. ऑनलाइन नको, हातात घेऊन वाजवूनच घेणार. टेम्पल बारच्या दुकानांत हार्प छापलेले स्वस्तात दिसतात, ते चालतील का?

शॅननवाली:
ते अजिबात घेऊ नका दादा! ते भिंतीवर टांगायला ठीक आहेत. बहुतेकांचं चामडं खिळ्यांनी कायमचं ठोकलेलं असतं, म्हणजे ताण कमीजास्त करता येत नाही, आणि तुमच्यासाठी हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण बकरीचं चामडं इथल्या दमट हवेत सैल पडतं आणि नाशिकच्या उन्हाळ्यात असं ताणलं जाईल की आवाज टणटण यायला लागेल. त्यामुळे ट्यूनेबलच घ्या, आतल्या बाजूला स्क्रू असतात, अ‍ॅलन कीने फिरवायचे. 200 मध्ये शिकण्याजोगा चांगला मिळतो, एखाद्या कारागिराकडून खास बनवून घ्यायचा तर जास्त लागतील. जमलं तर एक दिवस काढून क्लेअर काउंटीत एनिस गावी कस्टीजमध्ये जा (ट्रेन लिमरिकला बदलावी लागते). पारंपरिक संगीताचंच दुकान आहे, आणि क्लेअर म्हणजे या संगीताचं माहेरच.

दादरा_केरवा:
ताईंशी सहमत. तबलेवाल्याला एक खास गोष्ट सांगतो. बौरॉनमध्ये डावा हात आतून चामड्यावर असतो, तो दाबत सरकवला की सूर वरखाली होतो, अगदी आपल्या बायाच्या (डाव्या हाताच्या तबल्याच्या) मींडेसारखा, म्हणजे घसरत जाणाऱ्या सुरासारखा. म्हणून दुकानात आधी डावा हात आत घालून बघा. जुन्या पद्धतीच्या बौरॉनला आत क्रॉसबार असतो, फुलीसारख्या दांड्या, त्या नेमक्या या हाताला आडव्या येतात. माझा पहिला तसलाच होता, वर्षभर हात अडकत राहिला, शेवटी बदलला. मापाचं म्हणाल तर पूर्वी 18 इंची चालायचे, आता 14-15 इंची आणि खोल फ्रेमचे जास्त वाजवतात, खर्जही छान येतो आणि हात वरच्या कडेला पटकन पोचतो.
आणि दुकानदाराला वाजवायला सांगा, तुम्ही चार पावलं लांब उभं राहून ऐका. वाजवणाऱ्याच्या कानाला आणि समोरच्याला फार वेगळं ऐकू येतं. जिग आणि रील या आयरिश नाचाच्या चाली. जिग 6/8 मध्ये असते, दादरा अंगात असेल तर लगेच सापडेल, रील मात्र काठीने जमायला वेळ लागतो.

लिफीकाठचा:
मींडेचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. हलगीवाले वाजवायच्या आधी हलगी शेकतात, तसं इथेही करतात का?

शॅननवाली:
तत्त्व तेच, पण ट्यूनेबल असला की शेकायची गरज पडत नाही. उलट फार कोरडं झालं तर आतून थोडं पाणी शिंपडून हाताने पसरतात.

लिफीकाठचा:
शनिवारी एनिसला जाऊन आलो. पाच वाजवून बघितले, त्यातला दिसायला सगळ्यात साधा 15 इंची, क्रॉसबार नसलेला घेतला, बजेटच्या थोडा वर गेला पण आतून हात फिरवल्या फिरवल्या तो बोलायला लागला, मग दुसरा हातात धरवेना. सोबत एकच टिपर (वाजवायची काठी) घेतलाय. विमानात कसा न्यायचा?

दादरा_केरवा:
मनापासून अभिनंदन! स्क्रू थोडे सैल करून पॅडवाल्या बॅगेत घाला, आणि केबिनमध्ये चालेल का ते एअरलाइनला आधीच विचारा. अ‍ॅलन की मात्र चेक-इन बॅगेत टाका. आणि अजून दोन टिपर घ्याच, एक जाड एक बारीक, नाशकात शोधत बसाल.