शब्दचर्चा : ‘मूळ संख्या’ म्हणजे कुठलं मूळ?

खारेगाव : भाचा सहावीत, सेमी इंग्रजीत. शाळेत ‘प्राइम’, घरी आजोबांची ‘मूळ संख्या’. काल विचारतो, “मावशी, वर्गमूळातलं मूळ ते हेच का?” मला काही सांगता येईना. शेजारची हिंदी माध्यमातली मुलगी ‘अभाज्य’ म्हणते. भाग जात नाही ती अभाज्य, किती सरळ!

नौपाड्याचे मास्तर : भाग जातो हो ताई. ७ ला १ ने जातो, ७ ने जातो. शिवाय ‘अविभाज्य’ म्हटलं की मला भाषणांतलं ‘अविभाज्य अंग’च आठवतं. ६० फोडून बघा : २ × २ × ३ × ५. सुरुवात ६ × १० ने करा नाहीतर ४ × १५ ने, शेवटी हेच चौघे हाती येतात आणि पुढे फुटत नाहीत. म्हणून ते मूळ, आणि त्यांच्या गुणाकारातून झालेली ६० संयुक्त. जोडीतला एक शब्द बदललात तर दुसरा लंगडा पडेल. १ मात्र ना इकडची ना तिकडची.

ऐरोली : सर, ‘दृढ’ राहिला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात कुट्टकाच्या, म्हणजे समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढायच्या रीतीच्या, प्रकरणात भाज्य आणि हार यांचा सामाईक भाजक काढून टाकला की उरतात ते दृढ.

नौपाड्याचे मास्तर : बरोबर, पण ते नातं दोघांमधलं. आपल्या ‘सहमूळ’च्या, म्हणजे १ सोडून सामाईक भाजक नसलेल्यांच्या, जवळचं. ८ आणि १५ एकमेकांशी दृढ, एकेकटे दोघेही संयुक्त.

खारेगाव : आणि वर्गमूळ?

नौपाड्याचे मास्तर : ज्या संख्येपासून वर्ग झाला ती. मूळ असलीच पाहिजे असं नाही, ३६ चं वर्गमूळ ६. पण दोन्ही मुळं एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात : ९७ मूळ आहे का, हे बघायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागायचं. २, ३, ५, ७. झालं काम.

आता भाच्याला हे द्या. १२३४५६७८९८७६५४३२१ हा १११११११११ चा वर्ग. गणिती द. रा. कापरेकरांच्या डेमलो संख्यांतला. ते नाव त्यांनी डेमलो, म्हणजे आपल्या आताच्या डोंबिवली, स्टेशनावरून ठेवलं! अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातोच. पण मधे १० घाला : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंकी, आणि चक्क मूळ. वर्गमूळ ३५१ कोटींच्या पुढे, तेव्हा वहीत भागत बसू नका.

ऐरोली : वा, शिवाय ‘चिमा काय कामाची’सारखी उलटसुलट सारखी!

खारेगाव : नाही ना! भाच्याने लगेच पकडलं. उलट वाचताना १० चं ०१ होतं. डेमलोवाली मात्र दोन्हीकडून तीच. तिला विलोमपद म्हणायचं? संख्येला ‘पद’ कसं चालेल?

नौपाड्याचे मास्तर : विलोमसंख्या म्हणा. मला तरी खटकत नाही.