१६ वर्षांचा मुलगा एकटा: फ्रँकफुर्ट विमानतळावरून फ्रायबुर्गला रेल्वेने

धांदरटाची आई

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. मे महिन्यात तो एकटाच जर्मनीला चाललाय. माझी नणंद फ्रायबुर्गला असते, तिच्याकडे तीन आठवडे. विमान सकाळी सातला फ्रँकफुर्टला उतरतं. नणंद नर्स आहे, त्या दिवशी तिची सकाळची पाळी आहे आणि दोनशिवाय सुटका नाही. म्हणजे विमानतळावर घ्यायला कुणी नाही. त्याने तिथूनच रेल्वे पकडायची आणि फ्रायबुर्गला उतरायचं.

साडेआठच्या थेट गाडीचं स्वस्तातलं तिकीट दिसतंय, ते आज-उद्या काढून टाकावं म्हणते. दीड तास पुरेल ना? एवढ्या मोठ्या विमानतळावर त्याला स्टेशन सापडेल का? इंग्रजी चांगलं आहे, जर्मन शून्य. नवरा म्हणतो, "जाईल की." माझी मात्र आत्तापासून झोप उडाली आहे. तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

---

राईनकाठ

ताई, ते तिकीट आज काढू नका आणि उद्याही नको.

स्वस्तातलं म्हणजे श्पारप्राइस किंवा सुपर श्पारप्राइस असणार. ते एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्याच गोंधळामुळे पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. पण विमानाला उशीर झाला, पासपोर्टची रांग लांबली, बॅग पट्ट्यावर आलीच नाही, यातलं काहीही रेल्वेच्या हिशोबात बसत नाही. गाडी गेली की तिकीट गेलं. एकट्या पोराला विमानतळावर नवं तिकीट काढायला लागणं, हीच तुमची खरी भीती आहे, स्टेशन सापडणं नव्हे.

त्यापेक्षा फ्लेक्सप्राइस घ्या. महाग पडतं, ते मान्य. पण त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते. आणि त्याआधी विमान कंपनीला किंवा एजंटला 'रेल अँड फ्लाय' मिळतंय का ते विचारा. काही कंपन्या विमानाच्या तिकिटासोबतच रेल्वेचं तिकीट देतात. तेही एका गाडीला बांधलेलं नसतं. सीटचं आरक्षण वेगळं काढावं लागतं. ते एखाद्या गाडीचं काढून ठेवा. गाडी चुकली तर फक्त सीट जाते, तिकीट राहतं.

आणि एक सांगू? आत्या दोनला सुटणार. थेट गाडीला फ्रायबुर्ग साधारण दोन तास. मग साडेआठची गाडी घेऊन पोरगं साडेदहाला तिथे पोहोचून काय करणार? साडेतीन तास बॅग धरून बसणार. तोच वेळ विमानतळावर खर्च होऊ दे. अकरा-साडेअकराची गाडी धरा. तोंड धुईल, खाईल, बॅग उशिरा आली तरी घाम फुटणार नाही.

आता स्टेशन. विमानतळावर दोन स्टेशनं आहेत, आणि मी स्वतः इथेच चुकलेय. माझा भाचा आला तेव्हा मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "बाहेर आलास की पाट्या बघत स्टेशनवर जा." त्याने पहिली दिसलेली पाटी धरली, टर्मिनल १ च्या खाली रेगिओनालबानहोफला, म्हणजे लोकल गाड्यांच्या स्टेशनला, उतरला आणि समोर आलेल्या लोकलमध्ये चढला. इकडच्या स्टेशनांवर फाटक नसतं, तिकीट दाखवून आत जायचं नसतं, त्यामुळे चुकीच्या जागी गेलात तर कुणी अडवतही नाही. पंधरा मिनिटांत स्वारी फ्रँकफुर्ट शहरात! तिथून परत, तेही त्या टप्प्याचं तिकीट नसताना. पकडला गेला असता तर ६० युरो दंड. तिकीट गाडीला बांधलेलं नव्हतं म्हणून पुढचं निभावलं. चूक माझी होती, त्याची नव्हती.

म्हणून तुमच्या मुलाला "स्टेशन" हा शब्दच देऊ नका. "फर्नबानहोफ" हा शब्द द्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन. फलाट ४ ते ७. फलाटाला 'ग्लाइस' म्हणतात. १, २, ३ दिसले तर तो चुकीच्या स्टेशनात आहे, मागे फिरायचं. टर्मिनल १ मधून छताखालूनच चालत जाता येतं. विमान दुसऱ्या टर्मिनलला लागलं तर आधी स्कायलाइन या छोट्या गाडीने किंवा बसने टर्मिनल १ ला यायचं.

फलाटावर अ, ब, क सारखी ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. आपला डबा कुठल्या अक्षराशी थांबेल ते वरच्या फलकावर दिसतं. कधी डब्यांचा क्रम ऐनवेळी उलटतो आणि सगळा फलाट बॅगा ओढत पळू लागतो. तेव्हा त्याने घाबरू नये, कुठल्याही डब्यात चढून आतून चालत जावं. अपवाद एकच: दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर मधून रस्ता नसतो, आणि कधी कधी त्या पुढे वेगळ्या गावांनाही जातात. चढण्यापूर्वी दारावरचं नाव वाचायचं. दार आपोआप उघडलं नाही तर बटण दाबायचं. (माझे सासरे इथेच उभे राहिले होते, दार उघडायची वाट बघत.)

---

कागदवाला

वरच्या उत्तरात सगळं आलंय. मी फक्त सीमेवरचं सांगतो. १८ च्या आतलं मूल एकटं दिसलं की पासपोर्ट तपासणारा अधिकारी कुठे, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कुठे, असं विचारू शकतो. आई-वडील दोघांच्या सहीचं इंग्रजी संमतीपत्र, जन्मदाखल्याची प्रत, आत्याचं निमंत्रण, पत्ता आणि फोन हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. फोनमध्ये ठेवलंय हे पुरत नाही, कारण फोन नेमका तेव्हाच मरतो. मोठ्या बॅगेत ठेवलं तर ती तपासणीनंतर मिळते, हे लोक विसरतात.

---

धांदरटाची आई

राईनकाठ, साडेतीन तासांचं गणित माझ्या डोक्यातच आलं नाही! मी आपली "लवकर पोहोचू दे" या नादात. रेल अँड फ्लायचं एजंटला विचारते.

अजून एक. हा गाडीत बसला की पाच मिनिटांत झोपतो. रात्रभर विमानात सिनेमे बघितलेले असणार. झोपेत फ्रायबुर्ग गेलं तर?

---

राईनकाठ

तर बाझेल. स्वित्झर्लंड. गंमत नाही करत, त्या मार्गावरच्या बऱ्याच गाड्या पुढे तिकडेच जातात. पुढची गाडी धरून परत येईल, आकाश कोसळणार नाही. पण फोनचं पॅकेज फक्त युरोपीय संघापुरतं असेल तर सीमेपलीकडे ते बंद पडू शकतं. स्वित्झर्लंड धरून आहे ना ते बघून घ्या.

क्रम पाठ करून घ्या: मानहाइम, कार्ल्सरूह, मग बऱ्याच गाड्यांना ओफेनबुर्ग, मग फ्रायबुर्ग. कार्ल्सरूह गेलं की गजर लावायचा, पाऊण तासाचा. ओफेनबुर्गनंतर बॅग काढून दाराशी. गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते.

तिकीट काढताना फ्रायबुर्गपुढे कंसात ब्राइसगाउ, म्हणजे त्या भागाचं नाव, लिहिलंय ना ते बघा. साक्सनीत फ्रायबेर्ग नावाचं वेगळंच गाव आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला.

---

तेव्हाचा सतरा

मी सतरा वर्षांचा असताना असाच एकटा गेलो होतो, म्हणून मुलाच्या बाजूने बोलतो. माझ्या आईने दर दहा मिनिटांनी फोन केला. तिसऱ्या फोनच्या वेळी मी फलाटावरची घोषणा ऐकत होतो, नेमका फलाट बदलला होता आणि ते मला शेजारच्या आजींकडून कळलं. काकू, तीन निरोप ठरवा: बॅग मिळाली, फर्नबानहोफला पोहोचलो, गाडीत बसलो. मधे तुम्ही फोन करायचा नाही. डीबी नॅव्हिगेटर हे जर्मन रेल्वेचं ॲप तुमच्याही फोनवर घ्या, त्यात त्याची गाडी कुठवर आली ते घरबसल्या दिसतं. आईला आधी ते कुणी दिलं असतं तर!

अडला तर कुणाला विचारायचं, हेही आधी सांगून ठेवा. स्टेशनवर माहितीचा काउंटर असतो. मानहाइम, फ्रायबुर्ग अशा मोठ्या स्टेशनांवर बानहोफ्समिसिओन असते, तिथे फुकट बसायला जागा आणि मदत मिळते. आत्याला पाळीत उशीर झाला तर तो तिथे थांबू शकेल.

---

धांदरटाची आई

एजंटकडे रेल अँड फ्लाय मिळतंय, आमच्याच विमानावर. साडेअकराच्या सुमाराच्या गाडीची सीट वेगळी काढली. नणंद म्हणाली, "वहिनी, मी अडीचला फलाटावर असते, तोवर त्याला तिथेच बसव." तीन निरोपांवर मुलगा लगेच तयार झाला. दोनवर आणता येईल का, असं विचारत होता.

काल जेवताना त्याला अचानक विचारलं, कुठे जायचं? घास तोंडात असतानाच म्हणाला, "फर्नबानहोफ, चार ते सात." नवऱ्याने मात्र विचारलं, हे फर्नबानहोफ म्हणजे काय?