एलडीपीसी (चुका दुरुस्त करणारा कोड): एरर रेटचा आलेख मध्येच आडवा होतो. दोष कोडचा की डीकोडरचा?

पॅरिटी८१ (प्रश्न)

रेडिओ लिंकसाठी रेट १/२ चा (निम्मे बिट माहितीचे, निम्मे पॅरिटीचे) क्वासी-सायक्लिक कोड बनवला आहे, म्हणजे मॅट्रिक्स फिरवलेल्या छोट्या चौकोनांचा. बेस मॅट्रिक्स १२ × २४, झेड (एका चौकोनाचा आकार) ८१, ब्लॉक १९४४ बिटांचा. मापं ८०२.११एन या वाय-फाय मानकातल्या सर्वांत लांब ब्लॉकची, पण शिफ्टचा (कुठला चौकोन किती फिरवायचा याचा) तक्ता स्वतःचा. डावीकडच्या १२ स्तंभांचं वजन (बिट किती चेकमध्ये, म्हणजे पॅरिटी समीकरणांत, येतो) ३ किंवा ४. उजवीकडे आधी वजन ३ चा एक पॅरिटी स्तंभ, मग ११ स्तंभांची दुहेरी कर्णरेषा, तिथे सगळ्या शिफ्ट शून्य. डाव्या शिफ्ट रँडम घेऊन ४ लांबीच्या सायकल (बिट आणि चेक यांच्या जोडण्यांतली बंद वर्तुळं) काढून टाकल्या आहेत.

डीकोडर लेयर्ड मिन-सम (ओळीमागून ओळ चालणारी सोपी, अंदाजी पद्धत), गुणक ०.७५, एलएलआर (बिट ० की १ याच्या खात्रीचे आकडे) ६ बिटांचे, १५ इटरेशन. दर दहा हजार फ्रेममागे एक चूक इथपर्यंत आलेख झपाट्याने उतरतो, पुढे जवळजवळ आडवाच. इटरेशन १०० केली तरी फरक नाही. शोध कुठून सुरू करावा?

लेयर्ड_डीकोडर

आधी डीकोडर बाजूला काढा. नापास झालेल्या फ्रेमचे सीड (रँडम आकड्यांची सुरुवात) साठवा आणि त्याच फ्रेम फ्लोटिंग पॉइंटच्या सम-प्रॉडक्ट (मिन-समची मूळ, अचूक पद्धत) डीकोडरमधून पन्नासेक इटरेशनने काढा. बहुतेक सुटल्या तर गडबड क्वांटायझेशनमध्ये (आकडे मोजक्या बिटांत बसवण्यात) किंवा मिन-सममध्ये. सुटल्या नाहीत तर कोडमध्ये.

क्वांटायझेशनमध्ये सगळ्यात जास्त फसवतं ते एकच: बिटची एकूण बेरीजही ६ बिटांतच ठेवणं. लेयर्ड पद्धतीत त्या बेरजेतून चेक नोडचा जुना संदेश वजा करावा लागतो. बेरीज ३१ वर कापली गेली असेल तर वजाबाकी चुकीची येते आणि हरवलेली माहिती पुन्हा मिळत नाही. वजन ४ च्या स्तंभात चॅनेलचे ३१ आणि संदेशांचे ४ × ३१ मिळून १५५ होतात, म्हणजे चिन्हासकट ९ बिट. ८ बिटांवर सहसा भागतं, ६ वर नाही.

गुणक ०.७५ शिफ्ट आणि वजाबाकीने काढत असाल तर १, २ आणि ३ तसेच राहतात, कारण दोन जागा सरकवल्यावर त्यांचं शून्य होतं. तिथे राउंडिंग बघा.

सिम्युलेशन सर्व-शून्य कोडवर्डने (सगळे चेक जुळणारा शब्द) करत असाल तर बेरीज नेमकी शून्य आल्यावर बिट ० धरता की १, तेही तपासा. ० धरलं तर डीकोडरला उत्तर आधीच सांगितल्यासारखं होतं आणि आकडे खोटे चांगले दिसतात. प्रत्येक बिंदूला किमान ५० ते १०० नापास फ्रेम जमल्याशिवाय आलेखावर विश्वास ठेवू नका.

टॅनर_ग्राफ

वरची चाचणी करताना प्रत्येक नापास फ्रेमची आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा: शेवटी चुकीचे राहिलेले बिट आणि न जुळलेले चेक. बिटचा क्रमांक ८१ ने भागा. भागाकार म्हणजे बेस मॅट्रिक्सचा स्तंभ. क्वासी-सायक्लिक कोडमध्ये एकच दोष ८१ ठिकाणी फिरून येतो, त्यामुळे बाकी सोडून फक्त स्तंभांचे संच मोजा. तेच दोन-तीन संच पुन्हा पुन्हा आले तर ते ट्रॅपिंग सेट, म्हणजे डीकोडर ज्यात अडकून पडतो असे बिटांचे गट. सगळे चेक जुळूनही शब्द चुकीचा असेल तर तो कमी वजनाचा (मोजकेच १ असलेला) कोडवर्ड. तिथे कुठलाही डीकोडर मदत करणार नाही.

पॅरिटी८१

बेरीज ९ बिटांची केली, किंचित सुधारणा. सम-प्रॉडक्टमध्येही बहुतेक फ्रेम तशाच नापास. चुकीचे बिट जवळजवळ नेहमी ४, न जुळलेला चेक १. स्तंभ: डावीकडचा वजन ३ चा एक आणि कर्णरेषेतले लागोपाठचे तीन.

टॅनर_ग्राफ

मग कारण सापडलं. त्या डाव्या स्तंभात तीन ओळींच्या अंतरावर एकच शिफ्ट दोनदा आली असणार.

कर्णरेषेत शिफ्ट शून्य असल्याने बाराही ओळींतले एकाच क्रमांकाचे चेक एका साखळीत जोडलेले असतात. समजा ५व्या आणि ८व्या ओळीत शिफ्ट सारखीच आहे. त्या बिटपासून दोन्ही चेक ५-६, ६-७, ७-८ या तीन पॅरिटी बिटांमार्फत एकमेकांना मिळतात आणि ८ लांबीची सायकल तयार होते. पॅरिटी बिटांचं वजन २, म्हणजे त्यांना सायकलबाहेर एकही कडा नाही. बाहेरून सांगणारा एकच चेक उरतो, डाव्या बिटचा तिसरा. चार जण ठामपणे चूक असताना त्या एकट्याचं कोण ऐकणार! फक्त सायकलची लांबी तपासून हा दोष दिसत नाही. सायकलमधल्या प्रत्येक बिटचं वजन वजा २ यांची बेरीज, म्हणजे एसीई, मोजावी लागते. इथे ती १ आहे.

वजन ४ च्या स्तंभात याहून वाईट होऊ शकतं. ओळी २ आणि ४ मध्ये एक शिफ्ट, ७ आणि ९ मध्ये दुसरी, अशा दोन जोड्या जुळल्या तर चारही चेक जुळतात आणि ५ वजनाचा कोडवर्ड मिळतो. वजन ३ चे दोन स्तंभही एकत्र तपासा: एकाच्या तिन्ही शिफ्टमध्ये तोच आकडा मिळवून, ८१ च्या मॉड्युलोत, दुसऱ्याच्या तीन शिफ्ट मिळत असतील तर तिथेही कमी वजनाचा कोडवर्ड आहे. ओळी वेगळ्या असल्याने फरक पडत नाही, साखळी सगळ्यांना जोडतेच.

तेव्हा शिफ्ट एकेक स्तंभ घेऊन ठरवा. एका स्तंभात शिफ्ट पुन्हा येऊ देऊ नका, ४ च्या सायकल पूर्ण टाळा, ६ च्या शक्य तितक्या, आणि उरलेल्या सायकलमध्ये कमी एसीईच्या आधी काढा. वजन ३ चा पॅरिटी स्तंभ मात्र या नियमातून वगळा. ८०२.११एन मध्ये त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला मुद्दाम एकच शिफ्ट असते, म्हणजे सगळ्या ओळी मिळवल्यावर टोकं रद्द होतात आणि एन्कोडिंग सोपं होतं. तिथली सायकल ११ पायऱ्या चढून जाते, म्हणून ती फारशी त्रास देत नाही.

लेयर्ड_डीकोडर

तक्ता बदलणं शक्य नसेल तर तुमच्या चार बिटांपैकी माहितीचा बिट एकच आहे. बाहेर दोन चुका दुरुस्त करणारा छोटा बीसीएच (चुका दुरुस्त करणारा आणखी एक प्रकारचा) कोड लावा: ९७२ पैकी २० बिट जातील, ९५२ उरतील. डीव्हीबी-एस२ या सॅटेलाइट प्रसारणाच्या मानकातही एलडीपीसीच्या बाहेर बीसीएच आहे तो उरलेल्या थोड्या चुका टिपण्यासाठीच.