नाग नदीच्या पाण्यातला फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) कसं करायचं?

प्रश्न: नागपूरकर मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, नाग नदीचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ई. कोलाय जिवाणूंच्या लॉनवर (प्लेटवर वाढलेल्या सलग थरावर) टाकलं तर टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल डाग आले, आता गाईड म्हणतात हा फाजच कशावरून, टीईएमचा फोटो आण. सरळ पाण्याचंच ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी) करू का?

उत्तर: पाण्याचं काहून करता भाऊ, काहीच सापडणार नाही. एक प्लाक (तोच स्वच्छ डाग) उचलून वाढवा, मिलीलिटरला १० कोटी फाजच्या वर न्या, अमोनियम ॲसिटेटने धुवा नाहीतर मीडियाचा (जिवाणू वाढवायच्या द्रवाचा) कचराच दिसते. मग २ टक्के युरेनिल ॲसिटेटचा रंग द्या. गडद पार्श्वभूमीवर षटकोनी डोकं अन् शेपूट दिसली की झालं, टी४ या नेहमीच्या ई. कोलाय फाजसारखा असला तर लांबी २०० नॅनोमीटरच्या आसपास.

उत्तर: झालं कसं बाप्पा? कण दिसला म्हणजे त्यानंच जिवाणू मारले असं थोडीच. जिवाणूसोबत थोडा वेळ ठेवून बघा, शेपटीनं भिंतीला चिकटलेले दिसतात, अन् पातळ काप घेतले तर पेशीच्या आत भरलेली डोकी. पाणी पातळ करत करत (डायल्यूशन) टाकून बघितलं का? डाग सुटे सुटे होत गेले तर फाज, नुसते फिके पडले तर बॅक्टेरिओसिन (जिवाणूंनीच सोडलेलं, दुसऱ्या जिवाणूंना मारणारं प्रथिन) असू शकते. हे स्वस्तात होते, टीईएमचे पैसे नंतर भरा.

प्रश्नकर्ता: उद्याच लावतो. साधे फॉर्मवारचे (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे) ग्रिड चालतील ना, वर कार्बनचा थर असलेले महाग पडून राहिले.

उत्तर: कार्बनवालेच घ्या, साधे इलेक्ट्रॉनच्या बीममध्ये फाटतात.