डिझेल ट्रकचे एअर इनटेक बदलावे का?
मूळ एअर फिल्टर काढून त्या जागी उघड्या बांधणीचा, कोनाकृती फिल्टर बसवल्यास बोरघाटात ट्रक जोमाने चढेल का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असेच आहे. डिझेल इंजिन मुळात गरजेपेक्षा जास्त हवा घेते आणि ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते. त्यामुळे ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग, म्हणजे इंधन किती सोडायचे याची मांडणी, तेच असताना केवळ इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग) बदलून फारसे काही साधत नाही. उलट न्हावा शेवा, कळंबोली भागातील बारीक धूळ सैल फिल्टरमधून आत गेली, तर टर्बोची (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याची) पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. शिवाय इनटेकचे तोंड खाली आले, तर पावसाळ्यात तुंबलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मुंबईत हा धोका कृपया पत्करू नका. आधी फिल्टर चोंदला आहे का आणि इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज कुठे फाटला आहे का, हे तपासून घ्या.