पॅच केलेलं ओडिन वापरावं का? यू मॉडेलवर यू१ फर्मवेअर टाकायचंय

रानवाट
सॅमसंगचा अमेरिकन कॅरियरवाला फोन आहे, मॉडेल नंबरच्या शेवटी यू आहे. कॅरियरची ॲप्स नको झालीयेत म्हणून यू१ म्हणजे अनलॉक मॉडेलचं फर्मवेअर (फोनची मूळ सिस्टम) टाकायला गेलो तर ओडिनमध्ये (कॉम्प्युटरवरून सॅमसंग फोनमध्ये फर्मवेअर टाकायचं टूल) 'एसएचए२५६ इज इन्व्हॅलिड' येऊन फेल. सगळे म्हणतात पॅच केलेलं म्हणजे कोणीतरी बदललेलं ओडिन घे, पण ते उतरवलं की अँटिव्हायरस लगेच उडवतो. फोन ब्रिक म्हणजे निकामी होईल का? नॉक्स (सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा) जाईल का? डेटा राहतो का?

केबलवाला
पॅचने काय होतं ते आधी बघा. ती एरर कॉम्प्युटरवरचं ओडिन देतंय, पॅच फक्त तेवढीच तपासणी गाळतो. फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) फाइलवरची कंपनीची डिजिटल सही स्वतः तपासतोच, तिथे पॅचचं काही चालत नाही. यू आणि यू१ चं हार्डवेअर तेच आणि फाइल कंपनीच्या सहीची, म्हणून फोन ती घेतो आणि नॉक्सचा आकडाही ० वरच (म्हणजे छेडछाड नाही) राहतो. तुम्ही स्वतः बदललेली इमेज मात्र लॉक बूटलोडर घेणारच नाही, आणि अनलॉक करून घातली तर नॉक्स १ होतो तो कायमचा, कारण आत फ्यूज जळतो, परत ० होत नाही.
डेटाचं म्हणाल तर सीएससी ही देश-कॅरियरच्या सेटिंगची फाइल घातली की सगळं पुसतं, तिचाच दुसरा प्रकार होम सीएससी घातली की राहतं. पण यू वरून यू१ वर जाताना सीएससीच घाला, बॅकअप घेऊन आणि गूगल अकाउंट काढून, नाहीतर चालू झाल्यावर जुना पासवर्ड मागत बसेल. आणि हो, सिम लॉक याने सुटत नाही.

जुना_मदरबोर्ड
वरचं सगळं बरोबर, पण बायनरी नंबर (बूटलोडरची आवृत्ती) राहिला आणि लोक अडकतात ते तिथेच. बिल्ड नंबरच्या शेवटून पाचवं अक्षर बघा, फोनमधल्यापेक्षा कमी असेल तर फोन नाकारतो, सारखं किंवा जास्त चालतं, पण जास्तवर गेलात की मागे येता येत नाही. आणि कृपा करून ओडिनमधल्या रीपार्टिशन आणि नँड इरेज या पर्यायांना हात लावू नका!! कोणी कितीही सांगू दे, ईएफएस हा फोनच्या मेमरीतला भाग गेला तर आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर जाईल.

शांत_सर्व्हर
अँटिव्हायरसबद्दल: बदललेली ईएक्सई दिसली की ते ओरडतंच, पण म्हणून फाइल स्वच्छ आहे असं होत नाही. मूळ ओडिनच बाहेर फुटलेलं टूल, कंपनीने लोकांसाठी कधी दिलेलंच नाही, मग जुळवून बघायचं कशाशी? ज्यावर बँकेचं, मेलचं लॉगिन नाही अशा वेगळ्या कॉम्प्युटरवरच चालवा, यात तडजोड नको. हाइमडॉल हे ओडिनसारखंच टूल ओपन सोर्स आहे पण नवीन फोनवर बरेचदा जमत नाही.

रानवाट
बघितलं, दोन्हीकडे पाचवं अक्षर ७ च आहे. जुना लॅपटॉप फॉरमॅट करून घेतो. चारही फाइल एकदमच टाकायच्या ना?

केबलवाला
हो, बीएल (बूटलोडर), एपी (मुख्य सिस्टम), सीपी (मोडेम), सीएससी चारही एकाच बिल्डच्या. चार्ज पुरेसा ठेवा, केबल हब न लावता थेट जोडा. एपी निवडल्यावर ओडिन थोडा वेळ थिजल्यासारखं होतं, ते फाइल तपासत असतं, बंद करू नका.